चामटोलीचा प्रश्न

सोनवणे सर दोन्ही मनगटांवर घड्याळं घालायचे. डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक, दोन्ही एकाच कंपनीची, एकाच दुकानातून घेतलेली. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात नव्यानं आलेल्या पोरांचं पहिल्या आठवड्यातच यावर एकमत झालेलं असायचं की सर थोडे हललेले आहेत. एक घड्याळ सासरचं असणार, न घालून चालेल कसं, अशीही एक थिअरी होती. सरांच्या कानावर हे सगळं जायचं. ते नुसते हसायचे आणि डावं घड्याळ उजव्याशी पडताळून बघायचे.

मी फिजिक्स डिपार्टमेंटला लागले तेव्हा मात्र त्यांच्या हातात एकच घड्याळ होतं आणि सर वेगळेच होते. दुसरं घड्याळ नंतर आलं. ते का आलं ते मला माहीत होतं, म्हणजे निदान मला तसं वाटत होतं.

आधीचे सोनवणे सर म्हणजे तोफ. वर्गात पाऊल टाकलं की टाचणी पडली तर ऐकू यावी. पोर्शन वेळेच्या आत पूर्ण, नोट्स शब्दन् शब्द डिक्टेट केलेल्या, आणि जीभ अशी तिखट की ज्याला लागली तो दिवसभर चोळत बसेल. उशिरा येणाऱ्याला म्हणायचे, "या महाराज, तुमच्यासाठी पृथ्वी थांबवून ठेवलीय." पोरांना हे जाम आवडायचं. सरांचे डायलॉग कॅन्टीनमध्ये वडापावसोबत चघळले जायचे. ज्याच्यावर डायलॉग पडला त्याला काय वाटलं, हे कुणी विचारत नव्हतं. मीही नाही. खोटं कशाला बोलू, मी त्यांच्या वर्गाच्या दाराशी उभी राहून ऐकायचे आणि मला वाटायचं, असं आपल्याला जमलं पाहिजे.

ते अंबरनाथचे. वडील कंपनीत हेल्पर. त्यांच्या वस्तीतले हे पहिले एम. एस्सी. रिझल्ट लागला त्या दिवशी विहारात पेढे वाटले होते म्हणे, आणि वाटणाऱ्या म्हाताऱ्याला फिजिक्स हा शब्द नीट म्हणता येत नव्हता तरी तो रडत होता. हे सरांनीच मला सांगितलं होतं, अगदी सहज, पेपर तपासता तपासता. मग लाल पेनाचं टोपण लावून म्हणाले, "आपली चूक झाली ना म्हात्रे मॅडम, की लोक आधी माझं आडनाव बघतात आणि मग चूक बघतात. 'मला माहीत नाही' हे वाक्य तुम्हाला परवडतं. मला नाही परवडत."

मी चहा मागवला.

एका मे महिन्याच्या सुट्टीत सर शिक्षकांच्या कोर्सला गेले. आमच्यात तो कोर्स म्हणजे प्रमोशनसाठी भरायची हजेरी. बाकीचे तिकडे झोपा काढून येतात, सर झोप उडवून आले. जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या दिवशी ते स्टाफरूममध्ये आले, छत्री कोपऱ्यात टेकवली आणि बसायच्या आधीच मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कारकुनाचा मूळ पेपर वाचलाय?"

कारकून म्हणजे कोण ते सांगायला हवं. विस्कटलेल्या केसांचा तो शास्त्रज्ञ, ज्याचा फोटो प्रत्येक कोचिंग क्लासच्या भिंतीवर असतो. त्यानं विशेष सापेक्षतेचा सिद्धांत मांडला तेव्हा तो पेटंट ऑफिसात नोकरी करत होता, म्हणून सर त्याला कारकून म्हणायचे. अपमान नव्हता त्यात, उलट जवळीक होती. आपल्यातला वाटायचा त्यांना.

"मूळ पेपर कोण वाचतं सर?" मी म्हणाले. "आपण टेक्स्टबुक वाचतो. पोरं गाईड वाचतात."

"तेच तर. मीही नव्हता वाचला. इतकी वर्षं शिकवतोय, आणि पहिल्यांदा आत्ता वाचला." ते बसले. "पहिल्याच भागात आहे हो. गणित सुरू व्हायच्या आधी. पहिल्याच भागात."

"काय आहे?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढे किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. आता माझंही पाठ झालंय.

"समजा, मी अंबरनाथहून रिक्षानं इथं येतो, गेटला हात लावतो आणि तस्सा परत जातो. घरी आमच्या हिच्याकडे घड्याळ आहे. मी निघालो कधी, परतलो कधी, तिला पक्कं माहीत. जाऊन-येऊन किती वेळ लागला हे ती छातीठोक सांगेल. पण जाताना किती आणि येताना किती, हे कसं सांगणार?"

"इथं गेटवर दुसरं घड्याळ लावा."

"लावलं. ते घरच्या घड्याळाशी जुळवलं कुणी?"

"फोन करायचा ना सर."

"आणि फोनवरचा शब्द इथं पोचायला जो वेळ लागला तो?"

मी हातातली हजेरीवही खाली ठेवली.

"रिक्षाच्या बाबतीत तो वेळ सोडून दिला तरी चालतो. पण प्रकाशालाच मोजायचं असेल तर? पलीकडे आरसा लावून जाऊन-येऊनचा वेग मोजता येतो, एकाच घड्याळावर. तो लोकांनी मोजलाय, उत्तम मोजलाय. नुसता जातानाचा मोजायचा तर पलीकडे दुसरं घड्याळ हवं. ते जुळवायला निरोप पाठवायला हवा, आणि प्रकाशापेक्षा चपळ निरोप्या जगात नाही. म्हणजे त्याला जायला किती वेळ लागतो ते आधी माहीत हवं. आणि तेच तर मोजायचं होतं!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "कारकुनानं हे ओळखलं मॅडम. लपवलं नाही. सरळ सांगून टाकलं की जायला जेवढा वेळ तेवढाच यायला, असं आपण ठरवू या, आणि त्यावरून लांबची घड्याळं जुळवू या. हे मोजलेलं नाही, ठरवलेलं आहे. आणि मी पोरांना काय सांगत आलो? मोजलंय म्हणून."

मी म्हणाले, "जाऊ द्या हो सर. परीक्षेत कुठं विचारतात?"

सरांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळू म्हणाले, "परीक्षेत नाही. पण एका मुलीनं विचारलं होतं. वर्गात, उभं राहून. तुम्ही लागायच्या आधी. मनीषा भोईर, चामटोलीची. सर, तिकडचं घड्याळ इकडच्याशी जुळवलं कशानं, असं म्हणाली. मी म्हटलं, प्रकाशानं. तर म्हणाली, मग प्रकाशाला जायला किती लागला ते आधीच कसं कळलं? बघा! सेकंड इयरची पोर. कारकुनाच्या पहिल्या पानावर जाऊन उभी होती ती, आणि मला ते पान आहे हेच माहीत नव्हतं. मी तिला खाली बसवलं. 'काही नाही, सर' म्हणाली आणि बसली. थर्ड इयरला तिनं केमिस्ट्री घेतली."

तेव्हापासून सर बदलले. म्हणजे किती बदलले ते मला विचारा, कारण भोगलं मी. ज्यांचा पोर्शन वेळेच्या आत संपायचा त्यांचा आता निम्माही होईना. सापेक्षतेचं पहिलंच लेक्चर ते त्या प्रश्नानं सुरू करायचे. "हा प्रश्न मला चामटोलीच्या एका मुलीनं विचारला होता, मी तिला गप्प बसवलं, ती बरोबर होती," असं दर वर्षी, न चुकता, भर वर्गात सांगायचे. पोरांनी त्याचं नावच पाडलं, चामटोलीचा प्रश्न. "आज चामटोली झाली का रे?" असं कॅन्टीनमध्ये विचारायची. चामटोली झाली की त्यावर उपप्रश्न, मग उपप्रश्नांवर चर्चा, आणि उरलेला पोर्शन एक्स्ट्रा लेक्चर्स घेऊन पूर्ण कुणी करायचा? म्हात्रे मॅडमनी! मी चिडायचे. सर म्हणायचे, "तुम्ही फार छान शिकवता हो," आणि मी आणखी चिडायचे.

दुसरं घड्याळ त्याच वर्षी आलं. मी सोबत होते. उल्हासनगरच्या बाजारातला घड्याळवाला सिंधी अंकल, दुकानाच्या भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळी वेळ. सरांनी एकसारखी दोन मागितली आणि म्हणाले, "दोनों को एकदम मिला के दो."

"साईं, किससे मिलाऊँ?"

सरांचा चेहरा असा फुलला! "हाच तर प्रश्न आहे," असं मराठीत म्हणाले आणि काउंटरवर कोपर टेकून त्या बिचाऱ्याला सगळा कारकून समजावू लागले. अंकलनं शेवटपर्यंत मान हलवली. निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, सर की तबियत ठीक है ना?"

वर्गात मग ते दोन्ही हात लांब करून उभे राहायचे. हे घड्याळ इथलं, ते तिथलं. बोला, कसं जुळवाल? एखादा हुशार पोरगा म्हणायचाच, सर, दोन्ही एकत्र जुळवायची आणि मग एक उचलून तिकडे न्यायचं. सरांना हे उत्तर फार आवडायचं. "शाब्बास! पण नेताना ते घड्याळ हलतं, आणि हलणारं घड्याळ मागं पडतं. वाटेत किती मागं पडलं ते कसं ठरवशील?" पोरगा विचारात पडायचा. पूर्वीचे सर असते तर इथं एक डायलॉग आला असता. आता ते म्हणायचे, "घाई नाही. उद्या सांग."

लोकांना सुगावा लागतोच. सापेक्षता चुकीची आहे, मी सिद्ध केलंय, असं म्हणणारे गृहस्थ प्रत्येक गावात एक-दोन असतात. आमच्या वाट्याला विठ्ठलवाडीचे एक रिटायर्ड ओव्हरसियर आले. प्रकाशाचा नुसता जातानाचा वेग मी एका घड्याळावर मोजून दाखवतो, असा त्यांचा दावा होता. भला मोठा कागद उलगडून त्यांनी सरांची अख्खी दुपार खाल्ली. सर ऐकत होते, मध्येमध्ये शंका विचारत होते, त्यांना पाणी देत होते. शेवटी आकृतीत एका कोपऱ्यात बोट ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काका, हा इथं आरसा आहे ना? आरसा आला की जाणं-येणं दोन्ही आलं." काका खट्टू झाले. सर त्यांना बस डेपोपर्यंत सोडून आले.

"दोन मिनिटांत सांगता आलं असतं सर," मी म्हणाले. "आरसा तर मला दारातूनच दिसत होता."

"दोन मिनिटांत माणसाला गप्प कसं करायचं ते मला फार चांगलं येतं, मॅडम," ते म्हणाले. "तेच आता करायचं नाही."

रविवारी ते अंबरनाथला विहारात वस्तीतल्या मुलांना शिकवायचे. तिथला नियम त्यांनी स्वतः घातला होता. प्रश्न विचारल्याशिवाय चपला घालायच्या नाहीत. शिकवून झालं की मुलं दारात रांगेत, प्रत्येकानं एक प्रश्न, मग चप्पल. मी एकदा गेले होते तर एका चिमुरडीनं विचारलं, "सर, तुमच्या डोक्यावरचे केस कुठं गेले?" सरांनी केस का गळतात ते तिला गंभीरपणे समजावून सांगितलं. ती निम्म्यातच चपला घालून पळाली. सर म्हणाले, "बघितलंत? हिला कुणी खाली बसवू नये एवढंच."

एवढं सगळं चालू होतं, पण जिच्यामुळे चालू होतं तिला जाऊन भेटायचं नाव नाही. सरांनी दूरच्या घड्याळांवर एक शोधनिबंध लिहायला घेतला होता. लांबची वेळ ठरवणं म्हणजे नेमकं काय, त्यात निसर्गाचं किती आणि आपलं किती, असा विषय. वर्षानुवर्षं वाचन, खाडाखोड, पुन्हा वाचन. मी वाचला तेव्हा म्हटलं, सर, उत्तम झालाय, पाठवा. तर म्हणाले, सुरुवातीला मनीषा भोईरचं नाव घालायचंय, प्रश्न तिचा आहे, तिला विचारल्याशिवाय पाठवणार नाही. मग विचारा ना! हो, विचारू. कधी? बघू. बाई गं! या 'बघू'वर किती उन्हाळे गेले.

शेवटी रिटायरमेंट तोंडावर आली तेव्हा मीच त्यांना माझ्या स्कूटरवर मागं बसवलं आणि बदलापूरहून चामटोलीला नेलं. मी बदलापूरचीच, रस्ता माझ्या पायाखालचा. भोईरांचं घर लगेच सापडलं. अंगणात तिचा भाऊ काकड्यांच्या करंड्या भरत होता. सर फाटकाशी उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "काकड्या ताज्या आहेत का?"

"आत्ताच काढल्यात, साहेब. किती देऊ?"

आणि पिशवीभर काकड्या घेऊन सर परत स्कूटरवर येऊन बसले! मी काय बोलले असेन याची कल्पना करा. वाटेत एका झाडाखाली स्कूटर थांबवून मी त्यांना खूप बोलले. सापेक्षतेची भीती वाटत नाही आणि एका बाईची वाटते, असंही बोलले. सर काकड्यांची पिशवी पोटाशी धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "ती विसरली असेल तर मी उगाच जखम उकरणार. आणि विसरली नसेल तर..." त्या काकड्या आठवडाभर स्टाफरूममध्ये सगळे खात होतो.

नंतर मी माझ्या पद्धतीनं लागले. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नंबर काढला आणि सरांना न विचारता फोन केला. मनीषा चिखलोलीला नव्या सोसायटीत राहत होती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलची इनचार्ज होती. फोनवर म्हणाली, "सोनवणे सर? अगं बाई! या ना, रविवारी घरीच असते." आवाज इतका मोकळा होता की मला वाटलं, झालं, सुटले सर.

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हातात पेढ्यांचा पुडा आणि शोधनिबंधाची प्रत. लिफ्टमध्ये दोनदा घसा खाकरला. मनीषानं दार उघडलं, वाकून नमस्कार केला, मुलीला हाक मारून नमस्कार करायला लावला. पोहे आले, चहा आला. घर नीटनेटकं, नवरा हसतमुख, खिडकीतून पलीकडे नव्या स्टेशनसाठी राखलेली मोकळी जागा दिसत होती. सर सगळ्याला छान छान म्हणत होते आणि पोह्यांना हात लावत नव्हते.

मग एकदाचे बोलले. टेबलावरचे दोन कप दोन बाजूंना ठेवून त्यांनी तिला सगळं सांगितलं. इकडचं घड्याळ, तिकडचं घड्याळ, कारकुनाचं पहिलं पान. "हा प्रश्न तू मला विचारला होतास. जगातल्या मोठमोठ्या लोकांनी ज्याच्यावर डोकं फोडलंय तो प्रश्न. तू बरोबर होतीस, मनीषा. मी चूक होतो. तुला खाली बसवायला नको होतं. मी माफी मागायला आलोय."

मनीषा कपांकडे बघत होती. पाहुण्याचं बोलणं ऐकावं तसं तिनं सगळं नीट ऐकलं होतं.

"मी विचारलं होतं हे?" ती म्हणाली. "हुशार होते की मी!" ती हसली, नवराही हसला. मग म्हणाली, "खरं सांगू सर? मला नाही आठवत. प्रश्न काय होता ते अजिबातच आठवत नाही."

"नाही आठवत?"

"नाही हो. मला तो कोंबडा तेवढा आठवतो."

"कुठला कोंबडा?" हे मी विचारलं.

"सर म्हणाले होते ना," ती मला सांगू लागली, हसतच, "तुमच्या चामटोलीत कोंबडा आरवला की जुळतात घड्याळं, तसंच समज आणि बस खाली. काय हसला होता सगळा वर्ग! मग काय, माझं नावच पडलं कोंबडी. कॉलेज संपेपर्यंत. कॅन्टीनमध्ये शिरलं की कुणीतरी आरवायचं. माझ्या भावाच्या लग्नात पण एक जण आरवला, आमच्या कॉलेजातलाच होता." ती अजून हसत होती, पण हातातला ट्रे तिनं छातीशी धरला होता. "म्हणून मी केमिस्ट्री घेतली सर. तुमच्या वर्गात यायला नको म्हणून. पण चांगलंच झालं, नोकरी लगेच लागली."

मी सरांकडे बघितलं. इतकी वर्षं दर जूनमध्ये मी ही गोष्ट ऐकत आले होते. त्यात कोंबडा कधीच नव्हता.

"मी असं म्हणालो?" सर म्हणाले.

"जाऊ द्या हो सर. किती वर्षं झाली. पोहे घ्या ना, गार होतायत."

सरांनी पोहे खाल्ले. सगळे खाल्ले, मान खाली घालून. निघताना शोधनिबंध पुढं केला आणि तिचं नाव घालू का म्हणून विचारलं. ती संकोचली. "नको सर. जो प्रश्न मला आठवतच नाही तो माझा कसा म्हणू?"

खाली आल्यावर सर सोसायटीच्या गेटाशी कट्ट्यावर बसले. मला राग आला होता. त्यांचा आला होता, माझाही आला होता, कारण हे मीच घडवून आणलं होतं.

"तुम्हाला खरंच आठवत नव्हतं?" मी विचारलं.

"ती म्हणाली आणि आठवलं. सगळंच आठवलं." ते आपल्या दोन्ही घड्याळांकडे बघत होते. "तिनं विचारलं तेव्हा मी घाबरलो होतो मॅडम. उत्तर येत नव्हतं. आणि मग वर्ग हसला, आणि मला इतकं बरं वाटलं. इतकं बरं! तेवढं बरं वाटलेलं मी विसरून गेलो आणि तिचा प्रश्न तेवढा जपून ठेवला. प्रश्न जपला की मी मोठा होतो ना. चूक कबूल करणारा सर!" मग म्हणाले, "शाळेत मास्तर माझ्या डब्यावरून बोलायचे. वर्ग हसायचा. मास्तरांनी काय शिकवलं ते आज एक अक्षर आठवत नाही मला. ते हसणं आठवतं. म्हणजे मला माहीत होतं हो. मला तरी माहीत असायला हवं होतं."

मला वाटलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा. नाही ठेवला. मी रिक्षा थांबवली.

निबंध त्यांनी पाठवला नाही. मी दोनतीनदा विषय काढला, मग सोडून दिला. सर रिटायर झाले, मी हेड झाले. सरांचा मुलगा पुण्याला होता, त्यांचं तिकडे जायचं ठरलं. जायच्या आधी त्यांचा फोन आला. "मॅडम, मला एक लेक्चर घेऊ द्याल? सेकंड इयरला. चामटोलीचं."

मी म्हणाले, सर, मागायचं काय त्यात.

ते आले. वर्ग भरलेला होता, सरांची ख्याती अजून होती. मी दाराशी उभी राहिले, पहिल्यासारखी. सरांनी दोन्ही हात लांब केले, घड्याळं दाखवली, प्रश्न समजावला. छान समजावला. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी पुढं झुकून ऐकत होती. मग सर म्हणाले, "हा प्रश्न मला एका मुलीनं विचारला. आणि मी तिला काय म्हणालो ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. कोंबड्यासकट, शब्दाला शब्द.

वर्ग हसला.

हसणारच. वाक्यच तसं होतं, आणि सरांच्या तोंडी अजून तीच धार होती. मागच्या बाकांवरून कुणीतरी आरवलं, त्यावर आणखी हशा पिकला. आणि मी, जी मनीषाच्या घरी ट्रे छातीशी धरलेला बघून आले होते, त्या माझ्याही तोंडून हसू फुटलं. मी पदर तोंडाला लावला, पण फुटलं ते फुटलंच.

सरांनी कुणाला गप्प केलं नाही. हातात खडू धरून ते समोर उभे राहिले, हसणं अंगावर घेत. ते ओसरेपर्यंत थांबले. मग त्यांचं लक्ष दुसऱ्या बाकाकडे गेलं, आणि तेव्हा माझ्याही ध्यानात आलं. त्या मुलीनं मघाशी हात वर केला होता. हशा सुरू झाला तसा तो तिनं खाली घेतला होता आणि आता ती वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करत होती.

सर प्लॅटफॉर्मवरून उतरले. तिच्या बाकापाशी गेले आणि वाकले.

"विचार बाळ," ते म्हणाले. "मी ऐकतोय."

तिनं मान वर केली नाही. "काही नाही, सर."

"विचार. चुकलं तरी चालेल."

"काही नाही, सर."

बेल झाली. पोरं बॅगा उचलून माझ्या बाजूनं बाहेर पडू लागली, कुणी जाता जाता आरवत होतं. ती मुलगीही वही आवरून निघून गेली. मी सरांना हाक मारली, चहाला चला म्हणून. त्यांनी ऐकलं नसावं. रिकाम्या बाकावर एक हात टेकवून ते तसेच वाकून उभे होते.